लेकराच्या डोक्याला मशीन लावण्याआधी

अर्धांगवायू म्हणजे म्हातारपणाचा आजार, असे आपल्या घरांत धरूनच चालले जाते. आजोबांचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की आपण हा शब्द उच्चारतो. पण हाच आजार आईच्या पोटातल्या बाळाला किंवा जन्मून दोन दिवस झालेल्या बाळालाही होतो, हे चांगल्या शिकलेल्या घरांतही माहीत नसते. गर्भाच्या २०व्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या २८व्या दिवसापर्यंत मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा तिथे रक्तस्राव झाला, तर त्याला जन्मकाळचा पक्षाघात म्हणतात. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात याची नीट मोजणी झाली, तेव्हा साधारण ११०० जन्मांमागे एका बाळाला तो झालेला आढळला. म्हणजे ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. मोठ्या मोहल्ल्यात असे एखादे लेकरू असतेच. फक्त त्याच्या दुखण्याचे नाव घरच्यांना कोणी सांगितलेले नसते.

गेल्या काही वर्षांत या मुलांसाठी एक नवा उपाय चर्चेत आला आहे. डोके न उघडता, सुई न टोचता, बाहेरूनच मेंदूला चालना द्यायची. मोबाइलवर त्याच्या चित्रफिती फिरतात. त्या पाहून एक आई घाबरते, की डोक्याला करंट देऊन मेंदू जळणार तर नाही? दुसरीकडे एक बाप दागिने मोडायला निघतो, कारण महिनाभरात हात सरळ होईल असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. या महिन्यात आम्ही या दोघांसाठी लिहीत आहोत. भीती किती खरी, आशा किती खरी आणि तोवर घरी काय करायचे, हे तीन प्रश्न एकेक करून पाहू.

आधी दुखणे समजून घेऊ

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. जन्मकाळच्या पक्षाघातात बहुधा एकाच बाजूचा मेंदू दुखावतो, म्हणून उलट बाजूचा हात-पाय कमजोर राहतो. पायापेक्षा हाताला त्रास जास्त जाणवतो. डॉक्टर याला एका बाजूची सेरेब्रल पाल्सी म्हणतात आणि तिचे सर्वांत मोठे कारण हा पक्षाघातच आहे.

काही बाळांना जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत एका बाजूला झटके येतात, म्हणून दवाखान्यातच तपासणी होते आणि निदान लागते. पण पुष्कळ बाळे दिसायला अगदी ठणठणीत असतात. चार-सहा महिन्यांनी लक्षात येते की बाळ खुळखुळा एकाच हाताने धरते आणि दुसऱ्या हाताची मूठ बंदच ठेवते. घरात दादी म्हणते, "पोरगं डावखुरं होणार." आणि सगळे हसून सोडून देतात. इथेच वेळ हातची जाते. पहिल्या वाढदिवसाच्या आत बाळ डावखुरे किंवा उजवे ठरत नाही. वर्षाच्या आत ते सतत एकच हात वापरत असेल, तर ती आवड नसते. दुसऱ्या हाताची ती तक्रार असते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाला लगेच दाखवावे. गरज वाटल्यास ते एमआरआय सांगतील.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. असे झाले की घरात बोट सुनेकडे जाते. मगरिबच्या वेळी बाहेर गेली, ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली. यांपैकी कशानेही बाळाच्या मेंदूची रक्तवाहिनी तुंबत नाही. बहुसंख्य बाळांत नेमके कारण सापडतच नाही. प्रसूतीच्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि वारेतून आलेली गुठळी हे एक संभाव्य कारण मानले जाते. त्यात आईने काही केले किंवा करायचे राहिले, असे काही नसते. जिला रोज थेरपीसाठी धावायचे आहे, तिच्यावर हे ओझे टाकू नका.

मशीन काय करते?

या उपायाचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला टीएमएस. यात डोक्याजवळ एक कॉइल धरतात. कॉइलमधून क्षणभर जोराचा विद्युत्प्रवाह गेला की चुंबकीय लहर तयार होते. ती कवटीतून आत जाऊन मेंदूच्या वरच्या थरात अगदी छोटा प्रवाह जागा करते. हाताच्या जागेवर लहर दिली की बोट आपोआप हलते. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम करून दाखवले. एकेक लहर देऊन कोणता रस्ता कोणत्या हाताकडे जातो याचा नकाशा काढता येतो. लहरी ठरावीक गतीने पुन्हा पुन्हा दिल्या तर त्या जागेचे काम काही काळ मंदावते किंवा वाढते.

दुसरा प्रकार टीडीसीएस. यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंजचे पट्टे डोक्यावर बांधतात आणि त्यांतून एक-दोन मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह सोडतात. याने बोट हलत नाही. पेशी काम करायला थोड्या जास्त किंवा थोड्या कमी तयार होतात, एवढेच. मानसिक आजारांत पूर्ण भूल देऊन जो शॉक दिला जातो, तो हा नव्हे. यात मूल जागे असते, बोलत असते, खेळत असते.

मग पक्षाघात झालेल्या मुलाला याचा उपयोग कसा? नवजात बाळात मेंदूच्या प्रत्येक बाजूकडून दोन्ही हातांकडे तारा गेलेल्या असतात. पुढे वाढताना समोरच्या हाताच्या तारा पक्क्या होतात आणि त्याच बाजूच्या तारा मागे हटतात. ज्या तारा जास्त वापरात, त्या टिकतात. एक बाजू दुखावली की हा तोल बिघडतो. चांगली बाजू दुसऱ्या हातावरचाही ताबा सोडत नाही आणि दुखावलेल्या बाजूला डोके वर काढू देत नाही. म्हणून संशोधकांनी विचार केला, की चांगल्या बाजूला थोडे शांत करावे आणि त्याच वेळी कमजोर हाताकडून भरपूर काम करून घ्यावे.

भीती किती खरी?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातील मुलांच्या रुग्णालयात डॉ. अ‍ॅडम कर्टन यांचा गट या विषयावर बरीच वर्षे काम करतो आहे. त्यांनी आपल्या ठिकाणी झालेल्या सगळ्या चाचण्यांतील त्रासांची नोंद एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध केली. एकूण ३८४ मुले, आणि टीएमएसच्या ३५ लाख लहरी. त्यांत एकाही मुलाला आकडी आली नाही, दुसरा कोणता गंभीर अपायही झाला नाही.

पण त्रास काहीच झाला नाही, असे नाही. जन्मकाळचा पक्षाघात झालेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी डोके दुखल्याचे सांगितले. निरोगी मुलांत हे प्रमाण १३ टक्के होते. दुखणे सौम्य होते आणि आपोआप थांबले. काहींची मान अवघडली. टीडीसीएसमध्ये पट्ट्याखाली खाज सुटणे, मुंग्या येणे, कातडी थोडा वेळ लाल होणे, एवढेच दिसले. मुलांना सवय झाली तसे हे त्रास कमीही झाले.

आणखी एक भीती डॉक्टरांनाच वाटत होती. चांगल्या बाजूला शांत केले आणि त्यामुळे चांगला हातच कमजोर झाला तर? ज्या मुलाचे दोन्ही हात मेंदूच्या एकाच बाजूवर चालतात, त्याच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा आहे. म्हणून चाचण्यांत दोन्ही हात आधी आणि नंतर मोजले गेले. कॅल्गरीच्या चाचणीत कोणताही हात मागे गेला नाही. अमेरिकेत बर्नाडेट गिलिक यांच्या गटानेही अशाच मुलांवर लहान चाचण्या केल्या. तिथेही गंभीर अपाय आढळला नाही.

तरी "सुरक्षित" हा शब्द ऐकताना तो कुणासाठी आणि कुठे वापरला आहे, हे पाहावे लागते. या चाचण्यांत मुले निवडून घेतली होती. आकडी आटोक्यात नसलेल्या मुलांना घेतलेले नव्हते. जवळ बालमेंदूतज्ज्ञ होते. टीएमएसचा आवाज टकटक असा मोठा येतो, म्हणून कानांत बोळे होते. प्रत्येक मुलाची मात्रा त्याच्या मेंदूच्या प्रतिसादावरून ठरवली होती. बहुतेक मुले शाळेत जाण्याच्या वयाची होती. सहा महिन्यांच्या बाळाला रोजचा कोर्स द्यायला या आकड्यांचा आधार घेता येत नाही.

मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे, ही गोष्ट इथे फार लागू पडते. मुलाची कवटी पातळ असते. मोठ्या माणसाला दिलेला तोच प्रवाह मुलाच्या मेंदूत जास्त पोहोचतो. शिवाय मेंदूत पक्षाघाताने पोकळी झाली असेल, तर ती जागा पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते आणि प्रवाह तिथून आपली वाट बदलतो. म्हणून मोठ्यांसाठीचे माप मुलाला चालत नाही, आणि एका मुलाचे माप दुसऱ्यालाही चालत नाही.

काही मुलांना हा उपाय देऊच नये किंवा फार विचार करून द्यावा. डोक्यात धातूची क्लिप असलेली, कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली, डोक्यातले पाणी काढण्यासाठी शंट टाकलेली, छातीत पेसमेकर असलेली, आणि आकडी आटोक्यात नसलेली मुले यांत येतात. जन्मकाळच्या पक्षाघातानंतर पुढे मिरगीचा आजार होणारी मुले कमी नसतात, म्हणून हा शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. आकडीची गोळी चुकणे आणि झोप अपुरी होणे, या दोन्हींनी आकडीचा धोका वाढतो. रमजानमध्ये घर सेहरीला जागते, रात्री उशिरा झोपते. बारा-तेरा वर्षांचे मूल हौसेने रोजा धरते आणि दुपारची गोळी राहून जाते. मशीन असो वा नसो, मिरगी असलेल्या मुलाच्या गोळीची वेळ आणि झोप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, हे आपण सगळे जाणतो. ती सवलत आपल्या लेकरालाही आहे.

आशा किती खरी?

आता दुसरा प्रश्न. मशीन सुरक्षित असणे आणि मशीन उपयोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार पहिली सांगून दुसरी विकतो.

कॅल्गरीच्या गटाने २०१६ साली एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. ६ ते १९ वयाची ४५ मुले घेतली होती. सगळ्यांना दोन आठवड्यांच्या शिबिरात हाताचे भरपूर काम दिले. काहींच्या चांगल्या हातावर पट्टी बांधून कमजोर हात वापरायला लावला, काहींना टीएमएस दिले, काहींना दोन्ही, काहींना फक्त शिबिर. टीएमएसच्या नावाखाली काहींना नुसता आवाज ऐकवला, म्हणजे मनाच्या आशेने झालेला फरक वेगळा काढता येईल. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा पट्टी आणि टीएमएस दोन्ही मिळालेल्या मुलांत सर्वांत जास्त सुधारणा होती. हा निकाल उमेद देणारा आहे. पण तो ४५ मुलांचा आहे, आणि त्यात एकालाही कामाशिवाय नुसती मशीन मिळालेली नव्हती.

टीडीसीएसचा निकाल त्याच गटाने २०१७ साली दिला. २४ मुले, रोज २० मिनिटे एक मिलिअँपिअर, सोबत दोन आठवडे हाताचे काम. दोन्ही गटांचे हात सुधारले. हाताचे काम मोजले तेव्हा खऱ्या प्रवाहाच्या गटात आणि खोट्या प्रवाहाच्या गटात फरक दिसला नाही. मात्र मुलांनी स्वतः ठरवलेली ध्येये, जसे की बटण लावणे किंवा काही कापणे, ती खऱ्या प्रवाहाच्या गटात त्यांच्या मते जास्त साधली. म्हणजे काहीतरी आहे असे वाटते, पण ते पक्के झालेले नाही.

याचा सरळ अर्थ असा. हा उपाय अजून संशोधनाचा आहे. तो हाताच्या कामाची जोड आहे, त्याची जागा घेणारा नाही. मुले शिबिरात सुधारली ती मुख्यतः कामाने. आणि ते काम मशीनविना मिळू शकते.

पैसे मोजण्याआधी विचारा

"अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे" असे कुणी सांगितले, तर कशासाठी आणि कोणत्या वयासाठी, असे विचारा. तिथे टीएमएसला २००८ साली मान्यता मिळाली ती मोठ्यांच्या नैराश्यासाठी. २०२४ मध्ये एका मशीनला १५ वर्षांवरच्या मुलांसाठी परवानगी मिळाली, तीही नैराश्यासाठीच. पक्षाघात झालेल्या बाळाच्या हातासाठी ती नव्हती.

चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत तिचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागा. नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे, ते विचारा. संशोधनाच्या चाचणीत प्रयोगाच्या उपायाचे पैसे पालकांकडून घ्यायचे नसतात. कुणी "चाचणी आहे" म्हणत लाखाचे पॅकेज सांगत असेल, तर उठून या. संमतीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. मूल सात वर्षांच्या वर असेल तर त्याला समजावून त्याची स्वतःची तयारीही विचारली गेली पाहिजे. "नको" म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे.

ऑनलाइन मिळणारे डोक्याला लावायचे पट्टे घरी मुलावर कधीही वापरू नका. स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजते. पट्टा दोन बोटे सरकला तर भलत्याच जागी प्रवाह जातो. आणि आकडी आली तर घरात तिला सांभाळणारे कोणी नसते.

तोवर घरी काय?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर आपल्याच हातात आहे. वापरलेली तार टिकते, हे वर सांगितले. म्हणून थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितके बरे. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केलेली आहेत. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. २०१६च्या दिव्यांग कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा कवच मिळते आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो.

घरातले कामही थेरपीच असते. दोन्ही हात लागतील अशी कामे मुलाला द्या. कणकेचा गोळा लाटणे, शेंगा सोलणे, खजुराचा डबा उघडणे, जानमाज घडी करणे, वुजूला लोटा एका हाताने धरून दुसऱ्यावर पाणी घेणे. कमजोर हाताने काम पुरे केले नाही तरी चालेल, त्याने वस्तू धरून ठेवली तरी तो कामाला लागला. चांगला हात बांधण्याचा उपाय मात्र थेरपिस्टला विचारूनच करा. तो ठरावीक तास, खेळत, कौतुक करत करायचा असतो. लहान बाळाचा हात दिवसभर बांधून ठेवणे चुकीचे आहे.

आता दस्तरखानाची गोष्ट. अशा पक्षाघातात मेंदूची डावी बाजू जास्त वेळा दुखावते, म्हणजे कमजोर पडतो तो बहुधा उजवा हात. आणि आपल्या घरांत बिस्मिल्ला म्हणून उजव्या हाताने खायला शिकवले जाते. मग पाच वर्षांच्या लेकराने डाव्या हाताने घास उचलला की चाचा डोळे वटारतात, नानी हातावर चापट मारते, पाहुण्यांसमोर अम्मी शरमते. मूल काय शिकते? ते उजवा हात मांडीखाली लपवायला शिकते. जो हात जगाला दाखवत राहून सुधारायचा, तोच लपून बसतो. उजव्या हाताने खाण्याचा अदब ज्याचा हात चालतो त्याच्यासाठी आहे. उज्र असलेल्याला सवलत आहे, हे आपल्या मशिदीतले मौलानाही सांगतील. घरातल्या मोठ्यांचे मन मानत नसेल तर त्यांनाच मौलानांकडे घेऊन जा. लेकराला डाव्या हाताने पोटभर जेवू द्या आणि उजव्या हाताला ताटाची कड धरायला सांगा. अदबही शिकवून होईल आणि हातही कामाला लागेल.

ही संशोधने पुढे जातील. मोठ्या चाचण्या होतील आणि एखाद्या दिवशी तुमच्या बालमेंदूतज्ज्ञांनी स्वतःच हा उपाय सुचवला, तर घाबरून नाही म्हणू नका. वर दिलेले प्रश्न विचारा आणि मग ठरवा. पण त्या दिवसाची वाट पाहत आजचा दिवस घालवू नका. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर दस्तरखान उचलाल, तेव्हा त्याचे एक टोक त्या लेकराच्या कमजोर हातात द्या.